भाता उघडला की उजवा पाय

धर्मापुरीहून परत आल्यापासून ओळखीचे लोक मला एकच विचारतात, ती पेटी दुरुस्त झाली का? या प्रश्नाला माझ्याकडे अजून सरळ उत्तर नाही. झाली म्हणावं तर खोटं ठरेल, नाही म्हणावं तर तेही खोटंच. म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाला उलगडा झाला तर मला कळवावा.

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, देवदर्शनाच्या बसने फिरतात. मी जुन्या कॉन्सर्टिना जमवतो, उघडतो आणि जमेल तशा वाजवतो. कॉन्सर्टिना म्हणजे हार्मोनियमची परदेशात वाढलेली चुलतबहीण. सहा कोनांची, दोन हातांच्या मध्ये धरायची. मधोमध भाता, दोन्ही टोकांना मक्याच्या दाण्याएवढी हाडाची बटनं. आत पितळी चौकटींत बसवलेल्या पत्त्या असतात, त्या हवेने थरथरून बोलतात. माझ्या पेट्यांच्या जातीत आणखी एक खोड असते. एकच बटन दाबून भाता मिटला तर एक सूर येतो, उघडला तर दुसरा. वीस बटनं, चाळीस पत्त्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की वाद्य तरी बिघडलंय किंवा वाजवणारा तरी.

माझ्याकडे चार आहेत. दोन वाजतात, एक वाजायचा प्रयत्न करते, आणि चौथीला माझी बायको घुशीचं घर म्हणते.

भाच्याने माझा वाजवतानाचा व्हिडिओ कुठेतरी टाकला होता. तो बघून डिसेंबरात शोभाताईंचा फोन आला. त्या अंगणवाडीत शिकवतात. "काका, आमच्या सासऱ्यांकडं डिट्टो अशीच पेटी हाय. भाता एका कोपऱ्यात फाटलाय, हवा धरंना. सोमवारच्या आत शिवून देता का?"

भाता शिवून द्यायचा, एवढंच काम सांगितलं होतं हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

शुक्रवार, परळी ते धर्मापुरी

परळी वैजनाथला सकाळी उतरलो तेव्हा समोरची वीजकेंद्राची चिमणी अर्धीच दिसत होती. चहाच्या टपरीवर बाकड्याला बोट लावलं तर करडं झालं. "राख का हो ही, वीजकेंद्राची?" मी विचारलं. चहावाला दुखावला. "न्हाई सायब, धुकं हाय. थंडीचं पडतंय." पाच मिनिटांनी एक ट्रकवाला म्हणाला, आज धुकं लई हाय, तेव्हा तोच चहावाला त्याच्यावर उखडला, "धुकं कुटलं बे? डोळे फुटले का? राख हाय राख!" बाहेरगावच्याला एक उत्तर आणि घरच्याला दुसरं, असा इथला नियम असावा असं मी तेव्हा समजलो. नंतरच्या तीन दिवसांत तो नियमही टिकला नाही.

जीपमध्ये माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती आणि पिशवीवर एका बाईंची कोंबडी. बाजूला ज्वारी हुरड्याला आलेली, मधूनच उसाचे ट्रॅक्टर. धर्मापुरीत उतरलो आणि समोर स्वतःलाच पाहिलं. दहा फुटी फलकावर माझा बारा वर्षांपूर्वीचा फोटो होता, त्याखाली ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे वाद्यसंशोधक’. मी वाघा सीमासुद्धा पाहिलेली नाही. फलकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक पिकअप गाडी होती, तिच्यावर आठ कर्णे, आणि खाली ‘ध्वनिरथ लोकार्पण सोहळा’.

फलकाखाली शेषराव उभे होते. पालखी समितीचे अध्यक्ष. इतके पांढरे कपडे परळीच्या इतक्या जवळ कसे राहतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. "आपल्या आगमनानं ही भूमी धन्य झाली," ते म्हणाले. मी म्हटलं, भाता शिवायला आलोय. "तो शिवालच," ते म्हणाले, "आणि नाही जमलं तरी काळजी नको. रथ आहे."

या वाक्याचा अर्थ मला अप्पांच्या घरी कळला. महालिंगअप्पा म्हणजे शोभाताईंचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पुढे किराणा दुकान, मागे पत्र्याचं घर. गावच्या जुन्या देवळातून दर सोमवारी महादेवाची छोटी पालखी निघते, वेशीपर्यंत जाते आणि परत येते. पेटीने सूर दिल्याशिवाय ती उचलायची नाही, असा रिवाज. पूर्वी अप्पा गळ्यात हार्मोनियम बांधून चालत. खांदा गेला तेव्हापासून, म्हणजे पन्नास वर्षं, ही सहाकोनी पेटी. भाता फाटल्यापासून दोन सोमवार पालखी उठलीच नव्हती. त्यावर शेषरावांचा तोडगा तो रथ. या सोमवारी पेटी बोलली तर पेटी. नाहीतर रेकॉर्ड केलेली चाल, कर्ण्यांतून, कायमची.

"एकदा गाडी आली का मग पेटीला कोण इचारतंय," अप्पा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. दुकानातलं मीठ संपलंय हे सांगावं तसं सांगितलं. शोभाताई मात्र ताट वाढता वाढता थांबल्या.

ताटात येसर आमटी होती. भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पिठाची, दाट, काळपट. नाशिकचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असं मी बोलून गेलो. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. शोभाताईंनी शांतपणे दह्याची वाटी सरकवली. ती आधीच भरून ठेवलेली होती.

जेवणानंतर अप्पांनी पेटी आणली. फडक्यात गुंडाळलेली, रोझवुडची, कोरीव जाळीची. कारखान्याचं नाव झिजून फक्त ‘आणि कंपनी, लंडन’ उरलं होतं. कोणाची तरी कंपनी, एवढं नक्की. "बापानं मोमिनाबादेहून आणली," अप्पा म्हणाले. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, तिथे निजामाच्या काळी घोडदळाची छावणी होती. "कोणी गोरा जाताना सोडून गेलता." प्रत्येक जुन्या वस्तूमागे असा एक जाणारा गोरा असतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, पण छावणी खरी होती, त्यामुळे या गोऱ्याला संशयाचा फायदा दिला.

मग मी वही काढली. प्रत्येक बटनाचे दोन रकाने केले, मिटताना आणि उघडताना. फाटका कोपरा अंगठ्याने दाबून एकेक बटन वाजवलं. या जातीच्या पेट्यांचा छापील तक्ता माझ्या पिशवीत असतो, त्याप्रमाणे दोन रकान्यांत दोन वेगळे सूर यायला हवेत. आले सारखे. पहिलं बटन, दोन्हीकडे पंचम. दुसरं, दोन्हीकडे धैवत. सोळा बटनं तशी, आणि उरलेली चार मात्र तक्त्यासारखी दोन तोंडांची. दोन्हीकडे एकच सूर देणाऱ्या कॉन्सर्टिना असतात, पण त्यांची बटनं वेगळ्या रांगांत असतात. ही ना त्या जातीची, ना या. मी तक्ता उलटा धरून पाहिला. आरशातून पाहिल्यासारखा वाचून पाहिला. घोडदळासाठी खास बनवून घेतलेली, आजवर नोंद नसलेली रचना असेल काय? माझ्या डोक्यात लेखाचं शीर्षक तयार झालं, आणि अप्पांनी विकली तर घ्यायची असंही मनात येऊन गेलं.

अप्पांना विचारायला हवं होतं. ते दोन हात अंतरावर बसले होते. पण ग्रंथपाल वाचकाला विचारत नाही, पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक बघतो.

संध्याकाळी संभा आला. शेळ्यामेंढ्यांचा कळप राखणारा, साठीचा, पालखीत ढोल वाजवणारा. भात्यासाठी कमावलेलं पातळ शेळीचं कातडं त्यानेच आणलं. "दाखवू का यांस्नी, अप्पा?" म्हणाला. अप्पांनी फुसफुसती पेटी छातीशी धरली आणि संभा अंगणात चालून दाखवू लागला. भाता उघडला की उजवा पाय, मिटला की डावा. पालखीचे चारी भोई असेच चालतात. ढोल फक्त सोबतीला, चाल भात्याची. भाता बोलायचा थांबला की पाय थांबला.

"आणि भाता फाटला तर?" मी विचारलं.

"मग देव घरी," संभा म्हणाला.

शनिवार

सकाळी अप्पा मुलाबरोबर अंबाजोगाईला गेले. डोळे दाखवायचे होते, रात्री लेकीकडे राहणार होते. जाताना पेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "कोपरा तेवढा बघा." शोभाताई अंगणवाडीत गेल्या. घरात मी, पेटी आणि शेजारचा बैल.

कोपरा दहा वाजेपर्यंत झाला. कातडं ओलसर करून घडीवर बसवलं, सरस लावला, चिमटे लावले. काम स्वच्छ झालं, हे मी आजही सांगू शकतो. तिथे उठून ज्वारीच्या रानात चक्कर मारायला हवी होती.

पण सरस वाळायला वेळ होता, आणि स्क्रूड्रायव्हर हाताशी होता. टोकाची जाळी उघडली, पत्त्यांची पाटी बाहेर काढली. सहाकोनी पाटीत खाचा, प्रत्येक खाचेत पितळी चौकट, चौकटीवर सुराचं इंग्रजी अक्षर ठोकलेलं, आणि खाचेशेजारी लाकडावरही तेच अक्षर. म्हणजे असायला हवं होतं. इथे मात्र सी च्या खाचेत जी, जी च्या खाचेत ए, आणि चौकट ढिली म्हणून बाजूला कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या कोंबलेल्या. एका पट्टीवर अर्धी चतुर्थी होती.

माझी अज्ञात घोडदळी रचना तिथल्या तिथे संपली. कोणीतरी साफ करायला काढलेल्या पत्त्या परत बसवताना गोंधळ केला होता, बस. एकतीस वर्षं मी इतिहासाच्या कपाटात घुसलेली पाककृतींची पुस्तकं काढून जागेवर ठेवली आहेत. मला कोणी सांगावं लागत नाही. मी कागद उपटले, अक्षरं जुळवली. पत्ती आपल्या खाचेत सरकते तेव्हा बारीक ‘टक्’ होतं. त्या आवाजाइतकं पटवून देणारं दुसरं काही मी ऐकलेलं नाही. चाळीस पत्त्यांपैकी तीसेक हलवल्या. काय कुठे होतं ते टिपलं नाही. चूक कशाला टिपायची?

दुपारी चारला पेटी तक्त्याप्रमाणे तंतोतंत वाजत होती. एक इंग्रजी नाविकांची चाल वाजवली. बैलाने मान वळवली. शोभाताई आल्या, कागदाचे तुकडे झाडून चुलीत टाकले आणि म्हणाल्या, "काका, आवाज भरलाय की वो!" मी म्हटलं, तिला शंभर वर्षांनी तिचा आवाज मिळालाय. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे. विसरता येत नाही म्हणून.

रविवार

अप्पा साडेनऊला आले. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून पेटी चाचपून घेतली. नव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मान हलवली. मग टोकांच्या चामडी पट्ट्यांत हात घातले आणि पालखीची चाल सुरू केली.

जे बाहेर पडलं त्याचं वर्णन करणं मला जमणार नाही. चालीतला प्रत्येक दुसरा सूर भलत्याच घरातून आल्यासारखा होता. अप्पा थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. पेटी कानाशी नेली, जणू ती काही सांगेल.

"हे कावून असं बोलायलंय?"

"अप्पा, तिच्या पत्त्या चुकीच्या जागी होत्या. मी त्या मूळ जागी लावल्या."

"मूळ?" अप्पा म्हणाले. पेटी मांडीवर उतरवली. मग म्हणाले, "बापानं आणली तवा अशीच व्हती. मिटली की एक बोलायची, उघडली की दुसरं. बाप म्हणला, बिगडलीय, ठिवून द्या. मी इशीत उघडली. बिगडली न्हवती, तिचा सोभावच तसा. पण पालखीला ते कसं चालंल? जाताना देवाला ज्यो सूर, येताना त्योच पायजे. उजव्या पायाला एक अन् डाव्याला दुसरा, असं कुणाला चालवायचं असतंय का? मग पेटीतच एकेका सुराची जोडी हुडकली. दोन हिवाळे गेले. चौघांना जोडी गावली न्हाई, त्या बटनांस्नी मी हात लावत न्हाई."

म्हणजे गोंधळ नव्हता. कोणीतरी एका वाद्याला समजून घेऊन त्याचा स्वभाव बदलला होता, आणि मी एका दुपारी तो परत बिघडवला होता. की दुरुस्त केला होता? मला अजून ठरवता येत नाही. बनवणाऱ्याच्या दृष्टीने पेटी आता बरोबर होती. फक्त ती ज्याची होती त्याला वाजवता येत नव्हती, आणि पालखीला एक दिवस उरला होता.

"कुटली कुटं व्हती, लिवलंय का?" अप्पांनी विचारलं.

शुक्रवारच्या वहीत बटनांचे सूर होते. पण पेटीत एकेका सुराच्या कधीकधी तीन-तीन पत्त्या होत्या, खालच्या, मधल्या, वरच्या. अंगठ्याने कोपरा दाबून वाजवताना कुठला सूर कुठल्या सप्तकातला, ते मी लिहिलंच नव्हतं. शोभाताई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. चहा आणला. तो फार गोड होता आणि मी तो पूर्ण प्यालो.

मग अप्पांनीच मार्ग काढला. मला पत्त्या पुन्हा काढायला लावून ती मुकी पेटी त्यांनी हातात घेतली, डोळे मिटले आणि चाल वाजवायला लागले. आवाज काहीच नाही, फक्त बटनांची टिकटिक आणि भात्याचा श्वास. प्रत्येक बटनाशी थांबायचे, तो सूर गुणगुणायचे, मी तो ऐकून वहीत लिहायचो आणि ती पत्ती शोधून खाचेत घालायचो. बोटांना सगळं पाठ होतं. गळ्याला मात्र वय होतं. चहाच्या आधीचा सा आणि चहाच्या नंतरचा सा यांत अर्धा सूर पडला. मी दोन्ही लिहिले आणि दोन्हींना पत्त्या शोधत बसलो, तोवर संभा आला.

"अप्पा खाली आलाय," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "वर घ्या."

संभाला सारेगम येत नाही. त्याला फक्त ‘हे न्हाई’ आणि ‘हे हाय’ येतं. मी पत्ती तोंडासमोर धरून फुंकायचो. "हे न्हाई." दुसरी. "हे बी न्हाई." तिसरी. "हे हाय." एकदा मी खात्रीने सांगितलं की तोच सूर आहे, वहीत आहे. "मग वहीला ढोल वाजवायला सांगा," संभा म्हणाला. ती पत्ती बदलली.

चौकटी पुन्हा ढिल्या होत्या, आणि कॅलेंडरचे कागद चुलीत गेले होते. तेवढ्यात शेषराव आले, सत्काराच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांच्या. "संशोधन जोरात दिसतं," ते म्हणाले. "उद्या सकाळी आठला रथ देवळापाशी लावतो. पेटी असेल तर उत्तमच. आमचं मत, दोन्ही असावं."

"पेटी हाय," अप्पा म्हणाले.

शेषराव गेल्यावर मी एक पत्रिका उचलून चौकटीशी लावली. जाडी बरोबर कॅलेंडरइतकी. शोभाताईंनी कात्री आणली. ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे’ मधल्या सप्तकात गेलं, माझं आडनाव तारसप्तकात. माझ्या आयुष्यातला हा एकच सत्कार उपयोगी पडलेला आहे.

सूर्य मावळायच्या आत पेटी जुळली. अप्पांनी अंगणात बसून चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, वेशीवर पालखी वळताना वाजवायचा वरच्या सुरांचा तुकडासुद्धा. संभा डोकं खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हाय." मग निखाऱ्यावर हुरडा भाजला. गरम दाणे तळहातावर चोळून तोंडात टाकायचे, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. आमच्याकडे हुरड्याच्या पार्ट्या असतात, तिकीट काढून. इथे संभाने कणीस आणलं आणि भाजलं, एवढंच.

सोमवार

देवळापाशी रस्त्यावर ध्वनिरथ झेंडूच्या माळा घालून उभा होता. चालकाच्या शेजारी एक माणूस बटनावर बोट ठेवून बसलेला. शेषरावांनी मला रथाच्या बाजूला उभं केलं. जुनं देऊळ या सगळ्याकडे पाठ करून आहे, त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला. मला ते समजूतदार वाटलं.

अप्पांनी सूर दिला. भोयांनी पालखी उचलली. भाता उघडला, चार उजवे पाय. मिटला, चार डावे. मी पुष्कळ मिरवणुका टाळलेल्या आहेत, पण इतकी शांत एकही पाहिली नव्हती. दळणाच्या गिरणीपर्यंत मी प्रत्येक सूर मनात वहीशी ताडून पाहत चाललो. मग ताडणं सोडलं. शोभाताई बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे पाहून हसल्या.

वेशीवर पालखी वळायला लागली आणि अप्पांनी वरचा तुकडा धरला. भाता उघडला आणि मध्यमाच्या जागी गंधार आला.

मला लगेच कळलं. अंगणात बसून अप्पा लांब श्वासाने वाजवत होते, तेव्हा तो सूर मिटताना आला होता, आणि मिटतानाची पत्ती बरोबर होती. चालताना भाता पावलागणिक आखूड झाला आणि तोच सूर उघडताना आला. तिथली पत्ती माझी. शेजारच्या खाचेची. संभाने नव्हे, वहीने सांगितलेली.

अप्पांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पेटीला अंगठ्यापाशी एक मुकं बटन असतं. ते दाबलं की आवाज न करता भाता उघडतो. अप्पांनी तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला, तो सूर आला तसं ते दाबलं, भाता मुक्याने पूर्ण उघडला, आणि मग मिटताना शुद्ध मध्यम वाजवला. पण भाता मुका असताना भोयांनी काय करायचं? सूर नाही तर पाऊल नाही. चार उजवे पाय उचललेले, तसेच हवेत. पालखी वेशीच्या मधोमध उभी.

रथावरच्या माणसाने बटन दाबायला बोट उचललं. शेषरावांनी हात वर केला. संभाने ढोल वाजवणं न थांबवता मान वळवली. "हात लावू नकू बे!" तो त्या माणसावर ओरडला. "देव थांबलाय, दिसंना का?"

मिटता भाता, मध्यम, पाऊल पडलं. तुकडा तीनदा वाजतो. तीनदा पालखी थांबली, तीनदा निघाली. दुसऱ्या वेळेला बायकांनी हात जोडले. तिसऱ्या वेळेला भोई आधीच तयार होते. मग पालखी वळली आणि ज्या सुरांवर आली होती त्याच सुरांवर देवळाकडे गेली. ध्वनिरथ मागून आला, बंद, झेंडूच्या माळांसकट.

सत्कार साडेदहाला झाला. शाल, श्रीफळ आणि शेषरावांचं भाषण. "वेशीवर महादेव तीन वेळा विसावतात," ते माइकवरून म्हणाले, "ही आपली पूर्वापार चालत आलेली परंपरा आज पाहुण्यांनीही अनुभवली." त्या परंपरेचं वय तेव्हा सव्वा तास होतं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

निघायच्या आधी मी अप्पांना सगळं सांगितलं. पत्ती कुठली, चूक कशी झाली, आत्ता पाच मिनिटांत बदलतो.

"मला काय कळलं न्हाई का?" अप्पा म्हणाले. पेटी फडक्यात गुंडाळत होते. "गाडी चुकंल तुमची. जावा."

पेटी विकत मागायची राहून गेली. खरं सांगायचं तर काय मागायचं हेच कळेना. लंडनच्या ‘आणि कंपनी’ची पेटी, अप्पांची, की आता थोडी माझीही?

पुढच्या सोमवारी दुपारी शोभाताईंचा फोन आला. पालखी झाली, पेटीवरच. रथ शेषरावांच्या पुतण्याच्या लग्नाला गेला होता. आणि वेशीवर? "थांबली की. तीनदा. युसूफ वडगावची पाहुणे मंडळी खास बघायला आलती."

मी म्हटलं, अप्पांना सांगा, मी येतो पुढच्या आठवड्यात. एक पत्ती काढायची, दुसरी घालायची. फोन अप्पांच्या हातात गेला. मागे दुकानात कोणीतरी साबण मागत होतं.

"या की," अप्पा म्हणाले. "हुरडा हाय अजून. संभाबी इचारत होता. पर येताना हत्यारं आणू नका."